आईच्या टाचेचं हवामान

आमच्या आगरावर हवामान माझ्या आईच्या टाचेत राहायचं. डाव्या टाचेत. उजवी नुसती चालायला होती. ठाण्याच्या खाडीच्या काठाला आमचं गाव आणि गावाच्या पुढे नजर पोचेल तिथवर मिठाचे वाफे. त्याला आम्ही आगर बोलायचो. उधाणाचं पाणी दार उघडून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत न्यायचं, आणि ऊन त्याला आटवत जायचं. शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत ते पाणी तांबूस आणि जड व्हायचं, हात घातला तर तेलात घातल्यासारखं लागायचं. मग त्याच्यावर दुधावर धरते तशी साय धरायची, ती साय बुडायची आणि खाली दाणा बसायचा. दाणा जितके दिवस उन्हात राहील तितका जाड. जाड दाण्याला मान होता, बारीक मीठ कोण विचारत नसे. पण जास्त लोभ करून ठेवलं आणि मध्येच अवकाळी पावसाची एक सर आली, की सगळं जिथून आलं तिथे परत. म्हणून होळी झाली की आगरावर सकाळ-संध्याकाळ एकच गोष्ट चालायची. काढायचं की ठेवायचं?

आईची टाच म्हणजे काय होतं ते आताच्या पोरींना सांगून कळायचं नाही. माझ्या नातीच्या टाचा दुधाच्या पेढ्यासारख्या आहेत, देव तशाच ठेवो. माझा बाप मी पाच वर्षांची असताना तापाने गेला, तेव्हापासून आई आगरावर मीठ वाहायला जायची, अनवाणी. डोक्यावरच्या टोपलीतून खारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि पाय दिवसभर मिठात. तिच्या टाचांना अशा भेगा होत्या की मी लहान असताना त्यात चिंचोके अडकवून बघितलेले. त्यातली डाव्या पायाची मोठी भेग, हवेत ओल चढायला लागली की आधी चुणचुणायची, मग आग आग करायची. आभाळात काही नसायचं, वारा रोजचाच असायचा, आणि आई बोलायची, "उद्या दुपारपातूर येतंय." आणि यायचं. दोनतीन वर्षं असं बरोबर निघाल्यावर मुकादम रोज सकाळी बांधावर तिच्यासमोर येऊन उभा राहायला लागला. हिराजी मुकादम म्हणजे काळा, उंच, मिशीवाला माणूस, चाळीस माणसं त्याच्या एका खोकल्यावर हलायची. तो माझ्या आईच्या पायाकडे बघून विचारायचा, "काय पारूवयनी, टाच काय बोलतंय?"

"आज मुकाट हाय."

"मंग ऱ्हाऊ दे मीठ."

तेवढं बोलून तो पुढे जायचा. दुसऱ्या कुठल्या बाईसमोर तो थांबायचा नाही. विधवा बाईला तेव्हा गावात कोण विचारून पुढे बोलवत होतं? हळदीला नको, ओटीला नको, सकाळी समोर आली तरी लोक वाट बदलायचे. पण आगरावर तिच्या शब्दावर चाळीस माणसं फावडी उचलायची आणि ठेवायची. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. मात्र मुकादम यायच्या वेळेला ती डोक्यावरची चुंबळ काढून पदर सारखा करायची, हे मी बघितलेलं.

ठाण्याला स्टेशनाजवळच्या हाटेलात रेडिओ होता आणि मुकादम आठवड्यातून एकदा तिथे चहा प्यायला जाऊन हवामान ऐकून यायचा. आला की आम्ही सगळ्या गोळा. "काय सांगितला?" तो बोलायचा, "कोकनात तुरळक सरी." एकदा गोमाकाकीने विचारलं, "ह्या तुरळक कयं आयला? कसाऱ्याच्या पुढं क काय?" गोमाकाकी आमच्या शेजारची, जीभ वस्तऱ्यासारखी. मुकादम हसला नाही. तो बोलला, "कोकन म्हंजे इथून पार गोव्यापातूर. त्यात माझं आगर त्यांना कयं दिसनार? आपली टाच बरी." आता नातीच्या फोनवर ढगाचं चित्र येतं, खाली दोन थेंब काढलेले. मी तिला विचारते, हे थेंब आपल्या गल्लीत की पलीकडच्या? तर बोलते, आजी, तसं नसतं गं. म्हणजे तुरळक अजून तिथेच आहे.

एका वर्षी होळीनंतर खडवलीहून माझा तुकामामा आला, आईचा धाकटा भाऊ. बरोबर फणस आणि मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. मुलगी म्हणजे जना, माझी मामेबहीण, आणि मला करवली व्हायचं होतं. करवली म्हणजे नवरीच्या मागे तांब्या घेऊन उभी राहणारी पोरगी. तिला नवा परकर मिळतो, डोक्यात अबोली मिळते आणि दोन दिवस तिला कोण काम सांगत नाही. मी बारा वर्षांची, दोन दिवस काम नाही ही गोष्ट मला लग्नापेक्षा मोठी वाटत होती. त्यात खडवली. आमच्याकडे प्यायचं पाणी अर्ध्या कोसावरच्या विहिरीतून, तेही मचूळ. आणि तिथे अख्खी नदी गोड. मी लहानपणी तिथे गेलेली तेव्हा नदीत तोंड बुडवून पाणी प्यालेली आणि मामी हसून हसून दमलेली, बोलली, "पोरी, संपनार नाय ती."

मामा ओट्यावर बसला. आईने त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. तो खाता खाता बोलला, "ताई, तीन वर्सां झाली, तू घरी आयली नाय."

"उनाल्यात मीठ, पावसाल्यात लावनी. कवा येऊ?"

"जनाचं लगीन हाय. ह्याला तरी."

"कवा हाय?"

मामाने तिथी सांगितली. आईने बोटांवर दिवस मोजले. "त्याच दिसांत दाना भरतो, तुका. मोठं काढनं हाय. मीठ वर आल्याबिगर मुकादम कोनाला सोरत नाय. मीच गेलू तर त्याला हवा कोन सांगल?"

मामाने मान खाली घातली. भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत राहिला, खाल्ला नाही. आईने त्याला पाणी दिलं, जनाला देण्यासाठी ट्रंकेतून एक चोळीचा खण दिला आणि तो गेल्यावर ताट घासायला बसली. मी रडले. आई बोलली, "रड, पन रडताना तांदूल निवड." मी तांदूळ निवडत रडले.

आता मी काय केलं ते सांगते. रोज दुपारी जेवण झालं की आई तासभर पालथी पडायची आणि मी तिच्या भेगांत कोकमाचं तेल भरायची. तेल कसलं, मेणासारखा पिवळट गोळाच असतो तो. करवंटीत घालून निखाऱ्यावर धरायचा, वितळला की काडीने एकेक थेंब भेगेत सोडायचा. लग्नाला चार दिवस उरलेले. वाफ्यांत दाणा नुसता मोहरीएवढा झालेला आणि आभाळ धुतलेल्या ताटासारखं. टाच मुकाट. मी करवंटी निखाऱ्यावर ठेवली आणि फळीवरच्या डब्यातली लवंगी मिरचीची पूड चिमूटभर त्यात टाकली. मग आणखी एक चिमूट. माझा हिशोब सरळ होता. टाचेला आग लागली की पाऊस येणार, पाऊस येणार म्हणजे मीठ लवकर निघणार, मीठ निघालं की आपण खडवलीला. ह्यात पाऊस खरोखर आला नाही तर काय, हा भाग मी धरलाच नव्हता.

काडी बाजूला ठेवून मी बोटानेच मोठी भेग भरली, चांगली आतपर्यंत. आणि मग डोळ्यावर माशी बसली म्हणून त्याच बोटाने डोळा चोळला.

आई उठून बसली तेव्हा मी चुलीपुढे तोंड करून बसलेली आणि उजव्या डोळ्यातून धार लागलेली.

"काय झालं गो?"

"मीठ गेलं डोल्यात."

आईने टाच मांडीवर घेतली. बघितली. मग दारातून आभाळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ. मला वाटलं आता करवंटी डोक्यात बसते. पण ती उभी राहिली, पाय जमिनीवर टेकवताना दातांतून हवा आत ओढली आणि बोलली, "जा, मुकादमाला सांग. परवाच्या आत पानी परल."

मी धावले ती अशी की डोळा बघायला एकच होता तरी बांधावरून पडले नाही. मुकादमाने ऐकलं, आभाळाकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "पारूवयनी बोलली?" "हो." "टाच?" "आग आग करतंय." हे मात्र मी खरं सांगितलं. त्याने खोकला काढला आणि चाळीस माणसं उठली. दोन दिवस फावडी चालली, आम्ही बायका टोपल्या वाहून वाहून अर्ध्या झालो. निघालं काय, तर बारीक मीठ, पिठासारखं. मुकादमाने ते मुठीत घेतलं आणि खाली सोडलं. राशी रचल्या, वर पेंढा घातला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई ठाण्याला गाडीत बसलो, कल्याणला गाडी बदलली आणि खडवलीला उतरलो.

खडवलीचं ऊन वेगळंच. आमच्याकडे खाडीचा वारा असतो, अंग चिकट होतं पण सावलीत जीव राहतो. तिथे कोरडं, ओठ फुटायचे, आणि दुपार झाली की डोंगराच्या अंगाला ढग चढायला लागायचे, कापसाच्या गाठोड्यासारखे. जनाला हळद लागत होती. मी नव्या परकरात तांब्या घेऊन मागे उभी, डोक्यात अबोली. सुवासिनी हळद लावत होत्या आणि आई मांडवाच्या कडेला खांबाला टेकून बसलेली, जिथे तिच्यासारखीने बसायचं तिथे. पण तिथून तिला जना नीट दिसत होती. ती एकसारखी बघत होती. धवलारीण लग्नाची गाणी गात होती, मोठ्या कढईत वडे तळत होते, त्याचा वास मला अजून येतो. आणि एकदम गडगडलं. वारा आला, मांडवाची पानं उडाली आणि टपोऱ्या थेंबांचा असा मारा झाला की जनाची हळद अंगावरून वाहून माझ्या नव्या परकरावर आली. वड्यांच्या कढईवर मामाने आपली छत्री धरली, स्वतः भिजला. एक म्हातारा वऱ्हाडी ओरडला, "तुका, तुजी बहीन हवामानवाली ना? सांगितला नाय तिनं?"

आई खांबाजवळूनच बोलली, "माझी टाच खाडीची हाय, बाबा. तुमच्या डोंगराचं तिला काय कलतंय?"

सगळे हसले. मी हसले नाही. मला खात्री झालेली की खाडीवर मागवलेला पाऊस आम्हाला शोधत खडवलीला आला. मी तांब्या छातीशी धरून आभाळाला हळूच बोलले, इथं नाय रे, तिकरं जा. त्याने ऐकलं नाही.

परत आलो तर आगरावर थेंब नाही. पेंढा कोरडा ठणठणीत. आणि शेजारच्या आगराच्या लोकांनी मीठ ठेवलेलं, त्यांचा दाणा तांदळाएवढा, उन्हात लखलखत होता. आमचे लोक बांधावर उभे राहून तिकडे बघत होते, लग्नाच्या ताटावरून उठवल्यासारखे. गोमाकाकी आईला ऐकू जाईल असं बोलली, "टाचेला खडवलीचा रस्ता बरा ठावूक व्हता." आईने चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली उचलली आणि चालायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदर सारखा करून उभी होती. मुकादम आला, आईच्या समोरून गेला, थांबला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आईने चुंबळ काढलीच नाही. मला जेवण जाईना. तिने मला एक शब्द विचारला नाही, रोज दुपारी पालथी पडून टाच पुढे करायची आणि मी स्वच्छ तेल घालायची, काडीने.

वाफे परत भरले, परत साय धरली. मोसमातलं हे शेवटचं मोठं मीठ. पावसाळाभर चाळीस घरांत चूल पेटायची ती ह्याच मिठावर. दाणा हरभऱ्याच्या डाळीएवढा झाला तरी मुकादम काढायचं नाव घेईना, ह्या वेळी शेजाऱ्यांपेक्षा जाड पाहिजे होता त्याला. आणि एका सकाळी आई उठली, पाय खाली टेकवला आणि तिचं तोंड वाकडं झालं. तेलात काही नव्हतं. तेल मीच घातलेलं. आगरावर गेलो आणि आई स्वतः मुकादमापुढे जाऊन उभी राहिली, जे ती कधी करत नसे. "हिराजीभाऊ, उद्याला येतंय. आज काढा."

"गेल्या टायमाला पन येनार व्हतं."

"ह्या टायमाला खरं हाय."

"मंग त्या टायमाला काय व्हतं?"

सगळे ऐकत होते. मुकादम बोलला, "चार दिस ठेवनार मी. आता नाय फसनार." आई मागे फिरली आणि बांधावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून. तिला तशी बसलेली मी कधी बघितली नव्हती, ती कामाच्या वेळेला बसायचीच नाही. मी वाफ्यांकडे बघितलं, एवढं पांढरं, आणि मला आत्ताच ते विरघळताना दिसायला लागलं. मी ओरडले, "त्या टायमाला मिरची व्हती!"

"काय?"

"मी मिरची घातली तेलात. मना करवली व्हायचं व्हतं. आयशीला ठावूक नाय."

गोमाकाकी हसायला लागली, पोट धरून, मग बाकीच्या. मुकादम हसला नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आन् आज कोनी घातली?"

"आज कोनी नाय. आईची शप्पत."

"तेल कयं हाय?"

मी घरी धावले आणि करवंटी घेऊन आले. चाळीस माणसांसमोर हिराजी मुकादमाने करवंटीत बोट घातलं, आईच्या टाचेचं ते तेल जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून चाखलं, जसा काय कालवणाचं मीठ बघतोय. मिशीला पिवळं लागलं. एकजण बोलला, "मुकादम, भाकरी देऊ काय?" त्याने डोळे उघडले. "तिखट नाय," तो बोलला. आणि खोकला.

दिवस मावळेपर्यंत फावडी चालली. जाड, निळसर, डोळ्यांत भरेल असं मीठ. सगळं काढलं, पण कडेचे दोन वाफे मुकादमाने हट्टाने ठेवले, बोलला, टाचेची परीक्षा. दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीवरून काळं आलं आणि तासभर पडलं. राशी पेंढ्याखाली सुखात. शेजारच्या आगरावर आरडाओरडा चाललेला. पाऊस थांबल्यावर मुकादम त्या दोन वाफ्यांत घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला, खाली वाकून तळ चाचपला, रिकामा हात वर काढला. तिथूनच त्याने मोठ्याने विचारलं, "काय पारूवयनी, टाच काय बोलतंय?"

आईने चुंबळ काढली, पदर सारखा केला. "आता बोलून गप झाली," ती बोलली.

त्या संध्याकाळी घरी तिने मला पहिल्यांदा मारलं. एकच, पाठीत, फार जोराने नाही. मग भाकरी थापायला बसली. थापता थापता बोलली, "मिरचीचं चुरचुरनं आन् हवेचं चुरचुरनं मना कलत नाय, असं वाटला तुना? आन् तुझा डोला तर टमाट्यासारखा लाल व्हता."

मला कळेना. "मंग तू पानी परल असं कशाला सांगितलंस?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. तव्याचा आवाज गेल्यावर बोलली, "मना पन जायचं व्हतं गो."

पुढे आम्ही त्यावर कधी बोललो नाही. गावात माझं नाव मिरची पडलं ते लग्न होईपर्यंत राहिलं. माझ्या स्वतःच्या लग्नात मुकादम मांडवात येऊन सगळ्या वऱ्हाडासमोर बोलला, "नवरदेवा, तेल चाखून घेत जा, ही आमची मिरची लय खोटी. आयस बिचारी देवमानूस, हिनं तिला फसवली." सगळे हसले. मी आईकडे बघितलं. ती खांबाशी बसलेली, तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.